पत्र्याखाली एक चकचकीत पडदा

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक दुपार अशी येते की नाशिकमध्ये उभ्या खांबाची सावलीच पडत नाही. शहर २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सूर्य त्या वेळी बरोबर डोक्यावर असतो. खगोलप्रेमी मंडळी या शून्य सावलीच्या दिवसाची आवर्जून वाट पाहतात. घर बांधणाऱ्याने आणि घरात राहणाऱ्यानेही तो लक्षात ठेवावा. कारण त्या सुमाराच्या सगळ्याच दुपारी भिंतींवर ऊन ओझरते पडते, छपरावर मात्र सरळ पडते. निरभ्र दुपारी छपराच्या एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊर्जा येते. दहा बाय बारा फुटांची खोली घेतली, तर तिच्या डोक्यावर दुपारभर अकरा इस्त्र्या चालू ठेवल्यासारखे होते. आपण मात्र पडदे खिडक्यांना लावतो, वाळ्याच्या ताट्या दाराला टांगतो आणि छताचा विचार पावसाळ्यात गळायला लागले की करतो.

छप्पर पत्र्याचे असेल तर हिशेब आणखी कठीण होतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास कामगारांनी भाड्याने घेतलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. चार इंची विटेची भिंत, वर लोखंडी अँगल, त्यावर नालीदार पत्रा. रात्रपाळी करून आलेला माणूस तिथे दुपारी झोपायचा प्रयत्न करतो. अशा खोलीत तीनच्या सुमारास उभे राहून तळहात छताच्या दिशेने धरून पाहा. तळहात पोळतो. तोच हात उलटा केला, तळवा जमिनीकडे केला, की तळव्याची आग लगेच थांबते. दोन्ही वेळा हात एकाच जागी आहे, भोवतालची हवाही तीच आहे. तळहाताला जे पोळले ते हवेमुळे नव्हे. तो पत्रा स्वतः तापून खाली जी उष्णता फेकतो आहे, तिने हात पोळला.

शाळेत आपण वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेचे तीन मार्ग पाठ केलेले असतात. छपराच्या बाबतीत त्यांतला कोणता मार्ग महत्त्वाचा, हे एकदा समजले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. गरम हवा वर जाते. त्यामुळे तापलेल्या पत्र्याला लागून असलेली हवा तिथेच, पत्र्याच्या पोटाशी साचून राहते, खाली उतरत नाही. हवा उष्णतेची वाहकही फार मंद आहे. म्हणजे अभिसरण आणि वहन हे दोन्ही मार्ग वरून खाली येताना जवळजवळ बंद असतात. उरते प्रारण. त्याला ना हवा लागते, ना स्पर्श. सूर्याची उष्णता पोकळीतून पृथ्वीवर येते तशीच पत्र्याची उष्णता खाटेवर, कपाटावर, झोपलेल्या माणसाच्या अंगावर थेट पडते. पंखा पाचवर केला तरी ती थांबत नाही, कारण पंखा हवा हलवतो आणि ही उष्णता हवेतून आलेलीच नसते.

किती पडते, तेही काढता येते. उन्हात पत्रा सहज ६५ अंश सेल्सियसपर्यंत जातो. खालच्या वस्तू ३५ अंशांवर आहेत असे धरू. पत्रा जुना, गंजलेला किंवा आतून रंग दिलेला असेल तर दर चौरस मीटरला जवळजवळ १९० वॅट उष्णता नुसत्या प्रारणाने खाली येते. दहा बाय बाराच्या खोलीत ती दोन किलोवॅटच्या वर जाते. आता पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत पातळ पत्रा, म्हणजे फॉइल, धरला तर गणितात हाच आकडा १९० वरून ११-१२ वॅटवर उतरतो. कारण असे, की चकचकीत ॲल्युमिनियम त्याच्यावर पडलेल्या उष्णतेपैकी सुमारे ९५ टक्के परत फिरवते. दुसरे कारण सहज लक्षात येत नाही, पण तेवढेच मोलाचे आहे. हे ॲल्युमिनियम स्वतः तापले तरी आपली उष्णता बाहेर फेकण्याच्या बाबतीत कमालीचे कंजूष असते. त्याच तापमानाची काळी किंवा गंजकी वस्तू जेवढी उष्णता फेकेल, त्याच्या जेमतेम तीन ते पाच टक्के ते फेकते.

हा गुण १८९२ साली जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी वापरला. काचेच्या दोन भिंतींमधली हवा काढून त्यांना आतून चांदीसारखा मुलामा दिला, की वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही वाटा अडतात. आपला चहाचा थर्मास त्यातूनच आला. उपग्रहांवर सोनेरी-चंदेरी कागद गुंडाळलेला दिसतो तोही त्याच कामासाठी. घरांच्या छपराखाली असा पडदा लावण्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरने १९८० च्या दशकात केला. तिथले ऊर्जा खाते सांगते की उष्ण, भरपूर उन्हाच्या प्रदेशात यामुळे घर थंड ठेवण्याचा खर्च ५ ते १० टक्के कमी होऊ शकतो. आकडा लहान वाटतो. पण त्यांच्या घरात पोटमाळ्यावर आधीच जाड उष्णतारोधक थर पसरलेला असतो आणि त्याच्या खाली पुन्हा पक्के छत असते. आपल्या पत्र्याच्या खोलीत पत्रा आणि कपाळ यांच्यामध्ये काहीच नसते. जिथे काहीच नाही तिथे पहिला थर सगळ्यात जास्त काम करतो.

इथे एक शंका रास्त आहे. पत्राही नवा असतो तेव्हा चकचकीतच असतो, मग तो का तापतो? कोरा जस्ती पत्रा उन्हाचा काही भाग परतवतो खरा, पण जो भाग शोषतो तो आकाशाकडे परत फेकायला त्याला जमत नाही. तोच कंजूषपणा इथे अंगाशी येतो आणि पत्रा तापतच जातो. वर्ष-दोन वर्षांत तो निस्तेज होतो आणि ऊनही जास्त शोषू लागतो. म्हणून छपराच्या वरच्या अंगाला चकाकी नको, पांढरा रंग हवा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता आकाशाकडे सढळ हाताने फेकतो. खालच्या अंगाला मात्र चकाकी हवी. हा फरक न कळल्यामुळे लोक पत्र्याला वरून चंदेरी रंग देतात आणि खालून पांढरा. नेमके उलटे करायला हवे.

नाशिकच्या कारखान्यांच्या शेडमध्ये हा पडदा आता सर्रास दिसतो. बाजारात तो बबल शीट नावाने मिळतो: मध्ये प्लॅस्टिकचे हवा भरलेले बुडबुडे आणि बाहेरून ॲल्युमिनियम. विकणारे बुडबुड्यांचे कौतुक फार करतात, पण चार-आठ मिलिमीटरच्या बुडबुड्यांनी उष्णता थोडीच अडते. खरे काम चकचकीत पृष्ठभागाचे आणि त्याच्या समोर असलेल्या मोकळ्या हवेचे. समोर हवा नसेल तर फॉइल ही एक साधी धातूची पट्टी आहे आणि धातूतून उष्णता झरझर जाते. फॉइल लावून त्याला चिकटून थर्माकोल आणि त्यावर पीओपी केले, दोन्ही बाजूंनी दाबून टाकले, की पैसे वाया गेले. गच्चीवर फॉइल अंथरून त्यावर फरशी बसवणाऱ्यांनाही हेच सांगावे लागेल. एका तरी बाजूला किमान एक इंच मोकळी हवा हवी, दोन्ही बाजूंना असेल तर उत्तमच.

पत्र्याच्या खोलीत काम कसे करावे, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत, अँगलच्या खालून, एकमेकींपासून दीड-दोन फुटांवर जस्ती तारा ताणून घ्याव्यात. त्या तारांवर शीट पसरावे आणि जोडावर चार बोटे एकमेकांवर चढवून ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करावे. पत्रा आणि शीट यांच्यामध्ये तीन-चार इंचांची जागा सुटेल असे पाहावे. एकाच बाजूला चकाकी असलेले शीट आणले असेल तर चकाकी खाली, खोलीकडे यावी. हे ऐकून कारागीर हमखास हुज्जत घालतो, कारण उष्णता वरून येते तर आरसा वर हवा, असे कोणालाही वाटेल. पण वर तोंड केलेल्या चकाकीवर धूळ बसते. औद्योगिक वसाहतीत, रस्त्याच्या कडेला, धूळ बसायला एक उन्हाळा पुरतो, आणि धुळीचा थर बसला की तो पृष्ठभाग साध्या मातीच्या पृष्ठभागासारखा वागू लागतो. खाली तोंड केलेली चकाकी स्वच्छ राहते. ती तापली तरी खाली फारशी उष्णता फेकत नाही, त्यामुळे माणसाला फायदा तितकाच मिळतो.

पत्रा आणि शीट यांच्यामधली हवा तापणारच. तिला वाट हवी. उताराच्या खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला दोन-दोन इंच फट ठेवावी, चिमण्या आणि उंदीर शिरू नयेत म्हणून तिथे बारीक जाळी मारावी. गरम हवा वरच्या फटीतून निघून जाते आणि खालच्या फटीतून तुलनेने गार हवा आत येते. कारखान्यांच्या छपरावर वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर असतात, ते हेच काम करतात. काम झाल्यावर कोणी इन्फ्रारेड गन रोखून तापमान दाखवू लागला तर त्याच्यावर विसंबू नये. ती गन वस्तूने फेकलेल्या प्रारणावरून तापमान ओळखते आणि फॉइल तर प्रारण फारसे फेकतच नाही, समोरच्या फरशीचेच परावर्तन करते. आकडा खोटा कमी येतो. गन टेबलावर, गादीवर, भिंतीवर रोखावी आणि काम होण्याआधीच्या दुपारशी ताडून पाहावे.

एका गोष्टीत मात्र अजिबात हयगय नको. ॲल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे. पत्र्याच्या खोल्यांमध्ये वायरिंग बहुधा उघडे असते, अँगलला गुंडाळलेले, जोडावर नुसती टेप. त्याला फॉइल टेकले तर सगळे छतच विजेचे होऊ शकते. ऑस्ट्रेलियात २००९ साली सरकारने घरोघरी छपराखाली उष्णतारोधक थर बसवण्याची मोठी योजना आणली. घाईघाईने, अपुऱ्या प्रशिक्षणावर कामे झाली आणि चार तरुण कामगारांचे जीव गेले. त्यांतले दोघे फॉइल बसवताना विजेचा धक्का लागून गेले. फॉइल धातूच्या पिनांनी ठोकले जात होते. फेब्रुवारी २०१० मध्ये योजनाच बंद करावी लागली आणि पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. तेव्हा आधी वायरमनला बोलवावे, तारा पीव्हीसी पाइपात घालाव्यात, मेन स्विच बंद करूनच शीट ताणावे, आणि शीटमध्ये पिना, खिळे ठोकू नयेत. घरात झटका लागताच वीज तोडणारा ईएलसीबी नसेल तर फॉइलच्या आधी पैसे त्यावर खर्च करावेत.

आरसीसी स्लॅबचे दुखणे वेगळे आहे. सिडकोतल्या किंवा इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडच्या इमारतींत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ते चांगले ठाऊक असते. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते खाली पोचायला तीन-चार तास घेतो. म्हणजे बाहेर संध्याकाळी पश्चिमेचा गार वारा सुटतो तेव्हा आत छत सगळ्यात तापलेले असते. खिडक्या उघडूनही रात्री अकरापर्यंत गादी गरम लागते. खालून फॉइल टांगले तर इथेही प्रारण अडते, पण स्लॅब तापलेला तो तापलेलाच राहतो. रोज तापण्या-निवण्यामुळे त्याला तडे जातात आणि पावसाळ्यात गळती सुरू होते. म्हणून स्लॅबला इलाज वरून करावा. जुना, काळवंडलेला कोबा उन्हातले ७० टक्के किंवा त्याहून जास्त शोषतो, नवा पांढरा थर २०-२५ टक्के. दर चौरस मीटरला ७०० वॅटच्या जागी २५० वॅट, एवढा फरक नुसत्या रंगाने पडतो. चुना मारणे सगळ्यात स्वस्त, फक्त पावसाने धुऊन जातो म्हणून दरवर्षी मारावा लागतो. चायना मोझॅकचे पांढरे तुकडे महाग पडतात, पण टिकतात. भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात छतातून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानात दर अंश फरकामागे, १.२ वॅटहून जास्त उष्णता जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे. उघडा स्लॅब तीनच्या वर असतो. गच्चीवर सौर पॅनेल उंचावर बसवले तर त्यांच्या सावलीचाही असाच फायदा मिळतो, आणि वीज वेगळीच.

आपल्या जिल्ह्यातली जुनी छपरे पाहिली की वाटते, हे सगळे इथल्या गवंडी-सुतारांना हाताने ठाऊक होते. येवला, नांदगाव, मालेगावकडे पाऊस कमी आणि ऊन जास्त. तिथे धाब्याची घरे असत: लाकडी तुळया, त्यावर कड्या, किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. तो थर इतका जड की दुपारचे ऊन खाली उतरेपर्यंत रात्र होते आणि वरचे अंग तोवर उघड्या आकाशाखाली निवायला लागलेले असते. पश्चिमेकडे इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याला मातीचे छप्पर एका पावसात वाहून जाईल, म्हणून उतरती कौले. नळीच्या कौलांच्या फटींतून गरम हवा आपसूक निघून जाते. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती मंगलोरी कौले आपल्याकडेही पोचली. नाशिकच्या जुन्या गावठाणातल्या वाड्यांमध्ये कौलांखाली तक्तपोशी आणि पोटमाळा असे. पोटमाळ्यावर सणावाराची भांडी, जुने पाळणे, वर्षाचे धान्य. ऊन पोटमाळ्यावर अडे आणि माडीवर माणसे झोपू शकत. वाडे पडत आहेत, लाकूड परवडत नाही, मातीचे धाबे दरवर्षी चोपायला माणसे नाहीत. धाबे गेले तिथे पत्रा आला, आणि धाब्याने जे काम केले त्याची सोय कुणीच केली नाही. मालेगावात उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, आणि तिथली यंत्रमागाची कित्येक शेड याच पत्र्याखाली चालतात.

शेतमालाच्या बाबतीत नाशिकने छपराचे मोल ओळखले आहे, हे मला फार बोलके वाटते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि भाव येईपर्यंत चार-पाच महिने चाळीत ठेवावा लागतो. त्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. म्हणून कांदाचाळीवर लोखंडी पत्रा टाळावा, मंगलोरी कौले किंवा सिमेंटचे पत्रे घालावेत, ही शिफारस शेतकऱ्याला तोंडपाठ असते. पत्रा घातलाच तर वर उसाचे पाचट टाकतात. कोंबड्यांच्या शेडवरही पाचट, चुना, फवारे ही उन्हाळ्याची रीतच आहे. कांदा सडला तर नुकसान त्याच हंगामात डोळ्यांना दिसते. उकाड्यात न झोपलेल्या कामगाराचे, पुस्तक मिटून बसलेल्या मुलीचे, वाढलेल्या रक्तदाबाचे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

ते लिहून काढले की काय दिसते, हे अहमदाबादने दाखवले. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासातून समोर आले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि नंतर वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा लेप देण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये राज्यभरासाठी थंड छपरांचे धोरणच आणले. नाशिकमध्येही घरकुलाच्या आराखड्यात जसा शौचालयाचा आग्रह धरला जातो, तसा छपराचा धरायला हवा. नुसते पक्के छत म्हणून भागणार नाही, त्याच्यावर आणि त्याच्याखाली काय आहे, हे तपासले पाहिजे.

हिवाळ्यातही हा चकचकीत पडदा उपयोगी पडतो, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या खाली गेल्याच्या बातम्या दर दोन-तीन वर्षांनी येतात. अशा निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाला देऊन बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, आणि माणसांच्या श्वासातली वाफ आतून त्याच्यावर जमून पहाटे थेंबथेंब अंथरुणावर पडते. फॉइल खोलीतली उष्णता खोलीतच परत फिरवते. मात्र वर पडलेले दव शीटवर साचू नये म्हणून ते उताराकडे किंचित कललेले ताणावे आणि खालच्या कडेला पाणी बाहेर पडेल असे ठेवावे.

या सगळ्यात एक अडचण फॉइलची नाही, व्यवहाराची आहे. खोलीमालक छपरावर खर्च करत नाही, कारण उकाडा त्याला सोसावा लागत नाही. भाडेकरू करत नाही, कारण छप्पर त्याचे नाही आणि अकरा महिन्यांनी खोली सोडावी लागेल की काय, याचा भरवसा नसतो. पत्र्यावरचा पांढरा रंग मागे राहतो, पण तारांवर पसरलेले शीट चिकटपट्टी कापून गुंडाळता येते. काखेत मारून पुढच्या खोलीत नेता येते. खोली साधारण तेवढीच असते, दहा बाय बारा.